तीन दिवसांत मुंबई : बुलडाण्याहून निघणाऱ्यांसाठी

बुलडाणा, प्रतिनिधी

मलकापूर किंवा शेगावच्या फलाटावर रात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत सहलीला निघालेले लोक थोडेच असतात. कुणाच्या हातात मंत्रालयातल्या कामाची फाईल असते, कुणाजवळ परळच्या रुग्णालयाचे कागद असतात, तर कुणाची दुसऱ्या दिवशी मुलाखत असते. जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांची मुंबईशी असलेली ओळख ही अशी कामापुरतीच आहे. काम आटोपले की गेटवेसमोर एक छायाचित्र, चौपाटीवर भेळ आणि रात्रीची परतीची गाडी. त्यामुळे केवळ मुंबई पाहण्यासाठी म्हणून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर निघते, तेव्हा त्या प्रवासाचे मोल वेगळे असते. साठवलेले पैसे, मुलांची सुटी आणि वृद्धांची प्रकृती या गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचा योग वारंवार येत नाही. घरातील ज्येष्ठांपैकी काहींनी तर समुद्र एकदाही पाहिलेला नसतो.

असा योग कोंडीत, रांगेत आणि बंद दरवाजांसमोर वाया गेल्याची उदाहरणे मात्र प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. त्याचे कारण बहुधा एकच असते. ठिकाणांची यादी केलेली असते, पण वेळांचा विचार केलेला नसतो. मुंबईत कोणते ठिकाण किती किलोमीटरवर आहे, याला फारसा अर्थ नाही. सकाळी लोकलची गर्दी कोणत्या दिशेला वाहते, कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते आणि समुद्राला भरती केव्हा आहे, हे आधी पाहिले तर तीन दिवस पुरेसे होतात. ते न पाहता गेल्यास आठवडाही अपुरा पडतो.

निघण्याचा वार

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि वरळीचे नेहरू तारांगण यांचीही सुटी सोमवारीच. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला आणि शुक्रवारी हाजी अलीला भाविकांची रीघ लागते. रविवारी लोहमार्गाच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो आणि कोणती लोकल कुठून सुटेल, हे नेहमीच्या मुंबईकरालाही फलकावर वाचावे लागते. ही सारी वजाबाकी केल्यावर बुधवारी रात्री निघून गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मुंबईत काढणे व शनिवारी रात्रीच्या गाडीने परतणे, हा बेत सर्वांत सोयीचा ठरतो. रविवार घरी विश्रांतीला मिळतो, ही आणखी एक जमेची बाजू.

हंगामाचेही तसेच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात मुलांना सुटी असते खरी, पण बेचाळीस अंशांचा कोरडा उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या भागातील माणसाला मुंबईचे चौतीस अंश अधिक जड जातात, कारण तेथे घाम वाळतच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस सुरू होतो आणि समुद्र खवळला की बोटींच्या फेऱ्या बंद पडतात. डिसेंबरचा पहिला आठवडा निवडताना ६ डिसेंबर लक्षात ठेवावा. महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जाणाऱ्या लाखोंमध्ये विदर्भातील लोक मोठ्या संख्येने असतात. त्या ओढीने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. केवळ स्थलदर्शन हाच हेतू असेल, तर त्या दिवसांत गाडीत जागा मिळणे आणि दादर परिसरात राहण्याची सोय होणे दोन्ही कठीण असते.

गाडी, एसटी की समृद्धी?

जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. बुलडाणा शहर आणि मोताळ्याहून मलकापूर, तर खामगावहून शेगाव वा नांदुरा गाठावे लागते. विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती एक्स्प्रेस या दोन गाड्या रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान शेगाव-मलकापूर ओलांडतात आणि सकाळी मुंबईला पोहोचवतात. या सहलीसाठी याहून चांगली वेळ नाही, कारण रात्र प्रवासात जाते आणि दिवस हाती राहतो. सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा भागातील प्रवाशांना मात्र जालना स्थानक जवळ पडते. तेथून देवगिरी एक्स्प्रेस रात्रीचीच आहे. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी किती जुनी आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको.

आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. दिवाळीच्या सुटीत जायचे असेल, तर नेमका साठावा दिवस कोणता हे कॅलेंडरवर खूण करून ठेवावे आणि परतीचे तिकीटही त्याच हिशेबाने काढावे. जाण्याचे पक्के आणि येण्याचे प्रतीक्षा यादीत, अशा तिकिटांवर वृद्धांना घेऊन निघणे शहाणपणाचे नाही. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळते. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि शयनयानासाठी अकराला. ऑनलाइन तत्काळसाठी जुलै २०२५ पासून आधार पडताळणी झालेले खाते लागते. ही पडताळणी ऐन वेळी अडते, म्हणून आधीच उरकावी. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि ती पुन्हा सुरू झालेली नाही, हे अनेकांना खिडकीवर गेल्यावर कळते.

एसटीचा हिशेब निराळा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ज्या घरात स्त्रिया आणि वृद्ध अधिक, तेथे एसटीचा खर्च रेल्वेच्या बरोबरीला येऊ शकतो. रात्रभर बसून राहण्याची तयारी मात्र हवी.

समृद्धी महामार्गाने आपल्या जिल्ह्याला मुंबईच्या जवळ आणले, यात शंका नाही. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मेहकर किंवा सिंदखेड राजाहून चढले की थेट ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत. पण आमणे म्हणजे मुंबई नव्हे. तेथून भिवंडी-ठाण्याची वाहतूक ओलांडायची असते आणि त्यात वाचलेला वेळ बराचसा परत जातो. शिवाय १ जुलै २०२३ च्या पहाटे याच मार्गावर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला, तो प्रसंग जिल्हा विसरलेला नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पहाटे चालकाला येणारी गुंगी हा या मार्गावरचा खरा धोका आहे. स्वतःच्या गाडीने जायचेच असेल, तर सूर्योदयानंतर निघावे. मुंबईत पोहोचल्यावर गाडी एके ठिकाणी उभी करून विसरून जावी. दक्षिण मुंबईत वाहन उभे करण्यास जागा शोधणे, हे एक स्वतंत्र स्थलदर्शनच आहे.

मुक्काम कोठे करावा

मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली अरुंद पट्टी आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळात सारे शहर उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेटच्या दिशेने धावते. संध्याकाळी पाच ते नऊ हाच लोंढा उलट फिरतो. पाहण्याजोगी बहुतेक ठिकाणे दक्षिणेला आहेत. उपनगरात नातेवाइकांकडे उतरलेला पाहुणा त्यामुळे रोज दोन्ही वेळा गर्दीच्या प्रवाहात सापडतो. नातेवाइकांच्या आग्रहाला नाही म्हणणे अवघड असते, पण डोंबिवली वा विरारला राहून मुंबई पाहणे म्हणजे निम्मी सहल लोकलच्या दारात उभी राहून करणे. एक रात्र त्यांच्याकडे, दोन रात्री टर्मिनस किंवा फोर्ट परिसरात, अशी वाटणी केली तर नातेही राहते आणि वेळही.

खोली ठरवताना भाड्याआधी एक प्रश्न विचारावा : दिवस कोणत्या वेळेपासून मोजणार? आपली गाडी सकाळीच पोहोचते आणि अनेक लॉज दुपारी बाराला खोली देतात. मधल्या काही तासांसाठी अर्ध्या वा पूर्ण दिवसाचे भाडे मागितले जाते. चोवीस तासांची पद्धत असलेली जागा मिळाली तर उत्तम. नसल्यास स्थानकावरील सामानघरात बॅगा ठेवता येतात. त्यासाठी बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचे तिकीट लागते. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. आमदार निवासात गावच्या ओळखीवर पथारी पसरण्याचा जमानाही आता आटोपत आला आहे. विदर्भातील कित्येकांची मुंबईतील पहिली रात्र जेथे गेली, त्या मनोरा आमदार निवासाची जुनी इमारत पाडली गेली आहे.

मुंबई बेटावर, म्हणजे वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला, रिक्षा चालत नाहीत. तेथे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा मेट्रो. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या वाढीनंतर टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि उपनगरातील रिक्षाचे २६ रुपये झाले. मीटरप्रमाणेच पैसे द्यावेत. मेट्रो-३ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि पाहुण्यांची मोठी सोय झाली. विधान भवन, हुतात्मा चौक, टर्मिनस, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके एकाच मार्गावर आली आहेत. जिने चढण्याचा त्रास असलेल्यांनी लोकलऐवजी हीच धरावी. लोकलनेच हिंडायचे असल्यास एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते, त्याची चौकशी खिडकीवर करावी.

गुरुवार : पायी फिरण्याचा दिवस

टर्मिनसवर उतरल्यावर लगेच बाहेर पळू नये. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी उभारलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधली गेली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. रोज लाखो माणसे तिच्याखालून जातात आणि मान वर करून पाहणारा बहुधा परगावचाच असतो. समोरचे महापालिका मुख्यालयही (१८९३) स्टीव्हन्स यांचेच.

आंघोळ-न्याहारी आटोपून दहाच्या सुमारास फोर्टात शिरावे. हा भाग पायीच पाहण्याचा आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याला एक वेगळा अर्थही आहे. हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते आणि तेथे कापसाच्या गठ्ठ्यांचा बाजार भरत असे. हा व्यापार पुढे कुलाब्याला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनला हलला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतील अनेक भव्य इमारतींमागे या तेजीचा पैसा आहे. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, त्यासाठी कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव मनोऱ्याला दिले. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. लगेच १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा खास कापसासाठी टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. रात्री ज्या रुळांवरून आपण झोपून येतो, ते रूळ वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीवर आणण्यासाठी टाकलेले आहेत. मुलांना ही गोष्ट फोर्टात उभे राहून सांगितली, तर त्या दगडी इमारती एकदम ओळखीच्या वाटू लागतात.

हॉर्निमन सर्कलला लागूनच टाउन हॉलच्या (१८३३) रुंद पायऱ्या आहेत. तेथून हुतात्मा चौक. १८६४ च्या फ्लोरा फाउंटनशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक आहे. विदर्भ आणि मुंबई एका राज्यात आहेत, त्यामागचा इतिहास या चौकात उभा आहे.

दुपारचे ऊन टाळण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी जागा नाही. जॉर्ज विटेट यांनी आखलेली घुमटाची ही वास्तू १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. सर्व दालने एका दुपारी पाहण्याचा हट्ट धरू नये. शिल्पदालन, मीरपूर खासची मातीची बौद्ध शिल्पे आणि असिरियाच्या राजवाड्यातून आलेले कोरीव शिलापट पाहावेत. मुलांना भुसा भरलेल्या प्राण्यांच्या दालनातून बाहेर काढणे हेच पालकांचे काम राहते. शेजारच्या जहांगीर कलादालनात (१९५२) प्रवेशमूल्य नाही, तेथील पंधरा मिनिटेही चांगली जातात.

संध्याकाळ मरीन ड्राइव्हसाठी ठेवावी. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला तो येथे दाखवावा. बसायला कठडा आहे, पायाखाली वाळू-चिखल नाही आणि समोर सूर्य थेट पाण्यात उतरतो. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या तिकोनी ठोकळ्यांवर मात्र कुणीही उतरू नये. ते शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्यातील फटी खोल असतात.

भरतीचे गणित भिंतीवरच आहे

आपला जिल्हा डोंगर-पठाराचा. लोणारचे सरोवर आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचे पाणी रोज दोनदा वर-खाली होत नाही. समुद्राचे होते, आणि त्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या एका गोष्टीची कल्पना नसल्याने परगावचे लोक चौपाटीवर कोरडा चिखल पाहून हिरमुसतात, हाजी अलीच्या वाटेवर अडकतात, आणि कधी कधी जिवावरही बेतते.

कोकण किनाऱ्यावरील मंडळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या वाजता दुपारी वा सकाळी, आणि पुन्हा रात्री वा पहाटे, पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ढोबळमानाने मध्यान्ह आणि मध्यरात्र. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हे गणित अंदाजाचे आहे. नेमकी वेळ मुंबईच्या वृत्तपत्रांत छापून येते, ती पाहावी. पण बेत आखताना घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

समजा, सहलीच्या दिवसांत अष्टमी आहे. मग संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हवर पाणी कठड्याजवळ असेल आणि दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे हाजी अलीची वाट मोकळी असेल. पौर्णिमा असेल तर नेमके उलटे. भरदुपारी उधाण आणि संध्याकाळी समुद्र दूर गेलेला. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात, ती लहान असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची पातळी सर्वाधिक असते आणि पावसाळ्यात तीच धोक्याची.

विहिरीत किंवा धरणात पोहणारा माणूस समुद्रात पोहू शकतोच, असे नाही. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू काढून घेते आणि माणसाला आत ओढते. जुहू असो वा गिरगाव, घोट्याच्या वर पाणी येईल इतके आत जाऊ नये. मुलांचा हात सोडू नये. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली किंवा लाल निशाण दिसले, तर वाद न घालता मागे फिरावे. घरातला एखादा पट्टीचा पोहणारा असतो आणि बहुतेक वेळा भीती त्याच्याचसाठी बाळगावी लागते.

शुक्रवार : घारापुरी

गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९११ मध्ये झाली आणि वास्तू १९२४ मध्ये खुली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. सकाळी नऊच्या आत तेथे पोहोचावे, कारण उशीर झाला की रांग आणि ऊन दोन्ही वाढतात. घारापुरीची बोट सुमारे तासाभरात पोहोचते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेने धडक दिली आणि त्यात डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले. तेव्हापासून जीवरक्षक जाकिटाकडे कुणी थट्टेने पाहत नाही. जाकीट बसल्याबरोबर अंगात घालावे, मुलांना त्यांच्या मापाचे मागून घ्यावे आणि बोट भरलेली वाटली तर पुढची धरावी. परतीची शेवटची बोट केव्हा, हे उतरतानाच विचारून घ्यावे.

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी हळूहळू, थांबत चढावे. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि माकडे हातातील पिशवी हिसकावतात. अजिंठा आपल्याला जवळ, त्यामुळे लेणी काही नवीन नाहीत, पण घारापुरीचा अनुभव निराळा आहे. अजिंठ्याला रंग आहे, येथे दगड आणि अंधार. सहाव्या शतकातील मुख्य लेण्यात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग समोर त्रिमूर्ती उमटते. खरे तर ती सदाशिवाची मूर्ती. एक मुख उग्र, एक सौम्य आणि मधले ध्यानस्थ. भोवती अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवू पाहणारा रावण, शिवपार्वतीचा विवाह. अनेक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. घाईने छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा त्या त्रिमूर्तीसमोर घरातील सर्वांनी दहा मिनिटे नुसते बसावे. तीन दिवसांत एकच ठिकाण पाहायचे असेल, तर या प्रतिनिधीच्या मते ते हे आहे.

दुपारी परतल्यावर विश्रांती घ्यावी. संध्याकाळी मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट मुलांना दाखवावा. आईवडिलांनीही तो लहानपणी पुस्तकातील चित्रात पाहिलेला असतो. तेथून खाली गिरगाव चौपाटी. वाटेत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहू, असे घरातील जुने जाणते म्हणतील. १९५१ पासून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाहिलेले ते मत्स्यालय गेली काही वर्षे बंद आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. जुन्या लाल डबलडेकर बसही सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आहेत. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली, तर मुलांना ती कोणत्याही उद्यानाइतकी आवडते.

शनिवार : जिजाऊंच्या नावाची बाग

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील राणी कोण, असे विचारले तर आजही अनेकजण व्हिक्टोरियाचे नाव घेतील. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेला तेव्हा तेच नाव होते. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. सिंदखेड राजाच्या लखुजी जाधवरावांची लेक मुंबईच्या सर्वांत जुन्या उद्यानाला नाव देऊन आहे, हे आपल्या जिल्ह्यातील मुलांना प्रवेशद्वारावरच सांगावे. आत गेल्यावर त्यांचे लक्ष अर्थातच २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या पेंग्विनकडे लागेल.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले, तोच हा हत्ती. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलला, तेव्हा तो पडून फुटला. तुकडे येथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आदल्या दिवशी घारापुरी पाहून आलेल्यांनी हा हत्ती चुकवू नये. त्याशिवाय ती भेट अर्धी राहते. १८७२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. देखभालीसाठी ते मधूनमधून बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी.

दुपारनंतर श्रद्धेप्रमाणे महालक्ष्मी, हाजी अली किंवा सिद्धिविनायक यांपैकी एक-दोन ठिकाणे निवडावीत. हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, तेथे वर सांगितलेले गणित कामी येते. परतताना मेट्रोने थेट टर्मिनसला येता येते.

एका दिवसात सारी मुंबई दाखवणाऱ्या खासगी बसगाड्यांविषयी विचारणा होते. या प्रतिनिधीने एकदा तशी सहल केली. संग्रहालयासाठी चाळीस मिनिटे आणि चित्रपट नटांच्या बंगल्यांची फाटके पाहण्यासाठी दीड तास, असा तो हिशेब होता. चालणे अजिबात जमत नसलेल्या वृद्धांसाठी त्या ठीक. इतरांनी तेच पैसे टॅक्सीत घालावेत.

खाण्याची चिंता नसावी. दादर आणि गिरगावात मराठी उपाहारगृहे मुबलक आहेत. वडापावची चटणी ठेच्यावर वाढलेल्यांना जरा गोड वाटेल, इतकेच. जाताना शेगावची कचोरी बांधून घेतल्यास गाडीतील रात्रीची सोय होते आणि नातेवाइकांकडे रिकाम्या हाताने जावे लागत नाही.

परतीच्या गाड्या टर्मिनसहून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटतात. नेमकी वेळ तिकिटावर पाहावी आणि शनिवार असला तरी सहाला स्थानकात असावे. या गाड्या मलकापूर-शेगावला मध्यरात्रीनंतर, दोन ते चारच्या दरम्यान पोहोचतात. तीन दिवसांच्या पायपिटीने सारे घर गाढ झोपलेले असते आणि थेट अकोल्याला जाग आल्याचे किस्से कमी नाहीत. मोबाइलवर दोन गजर लावावेत, किंवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर स्थानक येण्यापूर्वी उठवण्याची सोय आहे, ती घ्यावी. बुलडाण्याची पहिली एसटी सुटेपर्यंत मलकापूरला काही वेळ काढावा लागतो. हिवाळ्यात त्यासाठी एक शाल वरच्या पिशवीत ठेवावी.